टँकरसाठी इंग्रजी

फोनचा रिसीव्हर कानाला लावून सर समोरच्या पोराकडं बघायचे आणि म्हणायचे, "हॅलो. बोला, ऐकतोय." त्या फोनची वायर कुठंच जोडलेली नव्हती. तो गावच्या सहकारी दूध सोसायटीचा फोन. दुष्काळात चारा संपला, जनावरं बाजारात गेली, सोसायटी बंद पडली आणि तिच्या खोल्यांत अकरावी-बारावी सुरू झाली. आधी मी तिथं दूध घालायला जायची, मग झाडायला आणि घंटा द्यायला जाऊ लागले. फरशी कितीही झाडली तरी आंबट वास जात नव्हता.

असे इंग्रजीचे सर तुम्हीही कुठंतरी पाहिले असतील. अंगानं काडी, पण शर्टाला इस्त्री रोज. पुस्तक कमीच उघडायचे. बोलायला शिकवायचे. फोनवर आधी आपलं नाव कसं सांगायचं, मुलाखतीला खुर्चीत कसं बसायचं, साहेबाला अर्ज कसा करायचा. मी चौथी शिकलेली, दारात बसून ऐकायची. एकदा पोरं एका खोट्या परदेशी पाहुण्याला कपिलधारचा रस्ता सांगत होती. मी म्हटलं, "त्याला म्हणावं धबधबा कोरडा हाय, उगं हेलपाटा कावून?" सर हसले आणि तेही वाक्य फळ्यावर इंग्रजीत लिहून टाकलं.

"नीट बोलता आलं ना मावशी, की माणसाला कुणी दारातून परत पाठवत नाही," असं ते नेहमी म्हणायचे. मला ते पटायचं नाही. तसं मी तोंडावर सांगायची. ते खडू उचलायचे आणि वर्गाकडं वळायचे.

वर्गात सगळ्यांत चांगलं बोलायची सविता. मेंढरं राखणाऱ्याची पोर. त्या साली विहिरी आटल्या, बोअरही आटले. तिच्या बापानं सांगून ठेवलं होतं, टँकर सुरू झाला तर थांबू, नाहीतर कळप घेऊन गोदावरीच्या अंगाला जाऊ, पोरगीही येईल. म्हणजे बारावी संपली. गावाचे टँकरसाठी मराठीत तीन अर्ज देऊन झाले होते. मग कुणीतरी काढलं, तहसीलच्या साहेबापुढं इंग्रजीत बोललं तर काम होईल. माणसं सरांकडं आली. सर म्हणाले, मी नाही, सविता बोलेल.

तिनं आठ दिवस अर्ज लिहिला, खोडला, पाठ केला. सोबत बाईमाणूस पाहिजे म्हणून मी गेले. कचेरीत सर मुद्दाम दाराशी उभे राहिले. पोरगी बोलली. एकदाही अडली नाही. साहेबानं पेन खाली ठेवला. शेजारच्या खोलीतल्या दोघांना बोलावलं आणि तिला पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावलं. चहा मागवला. तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. "व्हेरी गुड," म्हणाला, "खेड्यातल्या पोरी अशा तयार झाल्या पाहिजेत." तिनं लिहिलेल्या अर्जाची एक प्रत ठेवून घेतली.

आम्ही समजलो काम झालं. एवढं कौतुक केलं म्हणजे टँकर दिलाच, यात कुणाला शंका आली नाही. मलाही नाही. परत आल्यावर गावानं पिंपं राखेनं घासली आणि रस्त्याच्या कडेला रांगेत लावली. माझं अकराव्या नंबरला होतं. नऊ दिवस पिंपं तशीच उभी. त्यांच्या सावलीला कुत्री झोपायची. सर दोनदा कचेरीत जाऊन आले. पहिल्यांदा साहेबानं विचारलं, ती हुशार मुलगी काय करते? दुसऱ्यांदा तो भेटलाच नाही.

दहाव्या दिवशी सविताच्या बापानं आपलं पिंप रांगेतून उचललं. ती वर्गात आली, पण बसली नाही.

"सर, आमी उद्या निघालोत. माझं कुठं चुकलं तेवढं सांगा."

"काही चुकलं नाही."

"मग टँकर कावून न्हाई आला?"

सरांनी खडू उचलला.

"कायतरी चुकलंच असंल. नीट बघून सांगा," ती म्हणाली. अर्जाची आपल्याकडची प्रत टेबलावर ठेवली आणि गेली.

मी म्हटलं, "सर, पोर चांगलीच बोलली. त्यांना आपल्याला पाणी द्यायचंच न्हवतं." त्यांनी मान हलवली. नजर कागदावरून काढली नाही.

टँकर त्या उन्हाळ्यात आला नाही. सवितामागून एकेक घर गेलं. चौदा पोरांतली तीन उरली, तेव्हा शाळा चालवणाऱ्या संस्थेनं वर्ग बंद केला. शेवटचे काही दिवस सर फोनला हातही लावत नव्हते. मधल्या सुट्टीत लाल पेन उघडून तो कागद पुढं घेऊन बसायचे. जाताना माझ्या हातात दिला, सविता आली तर तिला द्या म्हणाले. कुठं चाललात विचारलं, तर ठरलं की कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

सविताही आली नाही. कागद माझ्या ट्रंकेत आहे. इंग्रजी मला वाचता येत नाही. तिच्या निळ्या अक्षरांच्या पहिल्या ओळीखाली लाल शाईचा एक ठिपका आहे, पेन टेकवून उचललेला. बाकी कागदावर लाल काही नाही.