ज्याचा त्याचा पेला

शाहूपुरीत माझं नाव तापट बाई म्हणून पडलं ते एका रविवारामुळं. त्याआधी मी गरीब गाय होते असं नाही, पण माझा राग चुलीपुढं निघायचा आणि चुलीपुढंच विझायचा. त्या रविवारी तो सोप्यात गेला. आता दात गेले, कानांनी दगा दिला, तरी ती तीन माणसं आठवली की तळपायाची आग मस्तकात जाते. त्यातला एक माझा नवरा होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला नवऱ्याची बाजू विचारायला नको.

मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, गुळाची अडत होती. रविवारी सौदे बंद असायचे. दुपार कलली की सोप्यात जाजम पडायचं आणि दोघं दोस्त यायचे, एक वकील आणि एक महाराजांच्या दरबारातले कारभारी. कारभाऱ्यांकडं सरकारी पाहुण्यांच्या बंगल्याची व्यवस्था होती. साहेबलोक तिथं उतरायचे, व्हिस्की प्यायचे, आणि त्यांचं बघून कारभाऱ्यांना ती गोडी लागली होती. त्यांनी ती वकिलांना लावली, वकिलांनी आमच्या मालकांना. पण पितात म्हणायचं नाही हं! पितात ती गुत्त्यावरची माणसं. हे तिघं "चव घेत". बोटभर व्हिस्की ओतायची, वर थोडा सोडा, मग डोळे मिटून वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि ज्यानं त्यानं काय लागलं ते सांगायचं. मालक म्हणायचे, "काकवी. गुऱ्हाळावर कढई उतरताना येतो न्हवं, त्यो वास." वकील म्हणायचे, "मला ओल्या लाकडाचा धूर जाणवतो. मागाहून किंचित वेलदोडा." कारभारी लांब श्वास ओढायचे आणि म्हणायचे, "कोरं कातडं. नवी पायताणं घरी आणल्यागत." मी आत शेंगदाणे भाजत असायचे. मला हसू आवरायचं नाही. भाजीत मीठ जास्त पडलेलं ज्यांना कळत नव्हतं, ते इथं वेलदोडा हुडकत होते!

हसण्यापर्यंत ठीक होतं. पण एक गोष्ट मला पहिल्यापासून खुपायची. बाटली एक, सोडा एक, जाजम एक, पेला मात्र ज्याचा त्याचा. वकील कापडी पिशवीतून आपलं पितळी फुलपात्र काढायचे. कारभारी तांब्याचा पेला आणायचे. मालकांचा चांदीचा होता, लग्नात माझ्याच माहेरनं दिलेला. ओतणारा बाटली उंच धरून ओतायचा, दुसऱ्याच्या भांड्याला लागायला नको म्हणून. ती दारू विलायतेत कुणी गाळली, कुणी भरली, बुचाला कुणाकुणाचे हात लागले, त्याचा विटाळ नाही. पण शेजारी मांडीला मांडी लावून बसलेल्या दोस्ताच्या पेल्याला ओठ लावायचे म्हटलं की आभाळ कोसळतं! महाराज स्वतः कुणाच्याही हातचा चहा पितात, ही गोष्ट तेव्हा पेठेपेठेत चघळली जात होती. आणि त्यांचंच मीठ खाणारा माणूस आमच्या सोप्यात पेला सांभाळत बसलेला असायचा.

बाटली आणून देणारे भाई आमच्या शेजारचे. मुसलमानाचं घर, पाच वेळा नमाज पढणारं. स्टेशनाकडं त्यांचं लहानसं दुकान होतं. साबण, मेणबत्त्या, बिस्किटं, सोड्याच्या बाटल्या असला माल, आणि मुंबईहून गाडीनं येणारी व्हिस्की. स्वतः भाईंनी दारूचा थेंब कधी जिभेवर ठेवला नव्हता. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे, जाजमाच्या कडेला टेकायचे, पान खाऊन उठायचे. मला वैनी म्हणायचे. माझा थोरला तापानं फणफणला होता तेव्हा हे तिघं वास घेणारे कुठं होते कोण जाणे, टांगा जुंपून डॉक्टरांना घेऊन आले ते भाई.

त्या वर्षी बंगल्याला माल पुरवायचं काम निघालं होतं. मेणबत्तीपासून व्हिस्कीपर्यंत सगळं एकाच दुकानातून घ्यायचं ठरलं होतं आणि कारभाऱ्यांचा शब्द तिथं शेवटचा होता. भाईंचा जीव त्या कामात अडकला होता. स्टेशनासमोर एक मोठं नवं दुकान झालं होतं, आरशाची कपाटं लावलेलं. गिऱ्हाईक तिकडं वळायला लागलं होतं. बंगल्याचं काम मिळालं तर भाईंचं दुकान तगणार होतं, नाही तर त्याला कुलूप लागणार होतं. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कारभारी तर देतो म्हणून बसले होते.

आणि नेमकं तेव्हाच कारभारी नाक मुरडायला लागले. "कातडं ऱ्हायलं बाजूला," म्हणाले, "ह्यात तर तांब्याचा पैसा तोंडात धरल्यागत लागतंय." पुढच्या रविवारी वकिलांनीही तोंड वाकडं केलं. "कडवट आहे. जीभ आवळल्यासारखी होते." मालक आपले म्हणतायत, "मला काकवीच लागतीया." तर दोघं त्यांनाच हसले. गुळात बसून बसून ह्यांची जीभ मेलीय म्हणाले! मग पुढचा निकाल वकिलांनी दिला. दुकानदार बाटली फोडून काहीतरी मिसळतो. "स्वतः पीत नाही ना तो," म्हणाले, "म्हणजे भेसळ करायला मोकळा." काय अक्कल! माणूस व्यसनी नाही, हाच त्याच्यावरचा पुरावा. माझ्या हातात उलथणं होतं ते मी कढईवर आपटलं.

पुढच्या रविवारी भाईंना बसवून घेतलं. त्यांनी कोरी बाटली आणली होती. बुचावरची लाख सगळ्यांसमोर फोडली, बूच काढलं, तिघांच्या पेल्यात ओतली. मालकांनी मान डोलावली. कारभाऱ्यांनी घोट घेतला आणि थू केलं.

"भाई, हे मी साहेबांच्या म्होरं ठेवू? माझं नाक कापून घिऊ?"

"कारभारी, लाख तुमच्या डोळ्यांदेखत फोडली की."

"लाखंचं काय, लाख परत लावता येती."

भाईंचा चेहरा पडला. "मी पीत न्हाय. चव कशी असती मला ठावं न्हाय. पर अल्लाची आण घिऊन सांगतो, जशी गाडीतनं उतरली तशीच तुमच्यापातुर आणली."

"आण कोर्टात चालते हो," वकील म्हणाले, "जिभेपुढे चालत नाही." आणि आपल्याच बोलण्यावर खूश होऊन त्यांनी फुलपात्र दाराशी, उंबऱ्यालगत ठेवलं.

भाईंनी आमच्या मालकांकडं बघितलं. मालक पेल्यात बघत बसले.

मी दाराआड उभी होते. फुलपात्र माझ्या पायाशीच होतं. मी वाकून आत बघितलं, तर कल्हईचा पत्ता नाही! कड हिरवट पडलेली, तळाला उघडं पितळ. क्षणात मला सगळं उमगलं. अहो, बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं की कळकतं, हे परकरी पोरीलाही सांगावं लागत नाही. त्यात ह्यांचा सोडा पडत होता. आणि कल्हई राहणार कशी? ही भांडी कुणाच्या स्वयंपाकघरात जातच नव्हती. वकिलीणबाई हळदीकुंकवाला आल्या होत्या तेव्हा मला म्हणाल्या होत्या, दारूचं ते भांडं मी माझ्या भांड्यांत मिसळू देत नाही. वकील ते कागदपत्रांच्या पेटीत ठेवायचे आणि आपणच पाण्यानं खळबळायचे. कल्हईवाला गल्लीत आला की घरचं सगळं पितळ बाहेर पडायचं, हे तेवढं पेटीत. कारभाऱ्यांचीही तीच तऱ्हा असणार. मालकांचा पेला चांदीचा, त्याला कल्हई लागतच नाही. म्हणून त्यांची काकवी शाबूत!

मी दारातूनच म्हणाले, "अहो, भांडी बगा. कल्हई उडालीया."

"गप," मालक म्हणाले.

मी आवाज चढवला. वकील माझ्याकडं न बघता म्हणाले, "वहिनींनी आत बसावं. हा पुरुषांचा विषय आहे."

झालं! मी पदर खोचला आणि उंबरा ओलांडून जाजमावर जाऊन उभी राहिले. तिघंही असे दचकले, जणू सोप्यात म्हैस शिरली. मी म्हटलं, "पेले बदला. वकीलसाहेब, तुमी ह्या चांदीच्या पेल्यातनं एक घोट घ्या. मालक, तुमी त्यांच्या फुलपात्रातनं. आत्ता कळतंय माल खोटा का भांडं खोटं."

कारभारी खाकरले. "वैनी, असं कसं म्हंता? ज्याचा त्याचा पेला असतोय."

"आणि ज्याची त्याची भाकरी? ती काढून घ्यायला तुमाला चालतीया?"

भाई चाचरत म्हणाले, "दुकानात काचंचे गिलास हायत, कोरे. घिऊन यिऊ?"

"तुमच्या दुकानातले?" वकील हसले. त्या हसण्याला मी त्यांना आजही माफ केलेलं नाही.

मग मी मालकांकडं वळले. "तुमी तरी घ्या. एक घोट. शेजारधर्म म्हणून घ्या." मालकांनी मिशीवरून हात फिरवला. भाईंकडं बघितलं, वकिलांकडं बघितलं. "अगं, उद्या भावकीत कळलं तर..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. चार गुऱ्हाळवाल्यांवर ओरडणारा हा माणूस! मला त्याची शिसारी आली. नवऱ्याबद्दल असं बोलू नये म्हणतात. नका बोलू तुम्ही. मी बोलते.

मी खाली बसले आणि चांदीचा पेला तोंडाला लावला. घशातून निखारा उतरला, डोळ्यांत पाणी आलं, नाक झोंबलं. आणि त्या जाळाच्या मागून खरंच काकवी आली. मग धूर आला. मग कोरं कातडंही आलं. मेले तिघंही खोटं सांगत नव्हते! त्यानंच तर माझ्या रागात आणखी तेल ओतलं. एवढं बारीक कळणारी जीभ देवानं दिली आणि तिच्यामागं काळीज द्यायचं राहून गेलं. मी वकिलांचं फुलपात्र उचललं. कळकलेली चव, जीभ आकसली. कारभाऱ्यांचा तांब्याचा पेला उचलला. पैसा चोखल्यासारखं लागलं. दोन्ही घोट मी पिकदाणीत थुंकले.

"बाटली एकच हाय," मी म्हणाले. "कळकलंय ते तुमच्या भांड्यात. भाईंचा माल चोख हाय."

वकील धोतर सावरत उठले. कारभाऱ्यांनी पागोटं चढवलं आणि मालकांना म्हणाले, "बाई पेली. तुमच्या सोप्यात, आमच्या म्होरं बाई दारू पेली." मी काय सांगितलं ते कुणाच्या कानातच गेलं नव्हतं. दोघं भांडी तिथंच टाकून गेले. भाई मान खाली घालून भिंतीशी बसले होते.

"माझी अब्रू घालवलीस," मालक म्हणाले.

"तुमची अब्रू पेल्यात व्हती व्हय?" म्हटलं. "मग थुंकून टाकली मी."

दुसऱ्या दिवशी दोघांचे गडी येऊन भांडी घेऊन गेले. आता ती उष्टी झाली होती ना, तीही एका बाईच्या ओठांनी! मग काय करावं? दोघांनी ती शुद्ध करायला विस्तवात घातली आणि वरून कल्हई लावून घेतली. कल्हईवाल्यानं हे मला आमच्याच दारात माझी पातेली तापवताना सांगितलं. त्याला वाटलं, मी हसेन.

आणि पुढं जे झालं ते ऐका. बैठक वकिलांच्या घरी बसायला लागली. बाटली आली ती स्टेशनासमोरच्या नव्या दुकानातून. कारभाऱ्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. "आलं! कोरं कातडं आलं!" वकिलांना धूर लागला. दोघांनी एकमेकांकडं बघून माना हलवल्या. बघा, दुकान बदललं तशी चव परतली. म्हणजे भाई भेसळ करतच होता! आमचे मालक त्या बैठकीत होते. घरी येऊन त्यांनीच मला हे सांगितलं.

"आणि तुमी काय म्हणाला?"

"मी काय म्हणणार? चव सुधारली हे खरं हाय की."

त्यांच्यापुढचं ताट मी उचलून नेलं. त्यानंतर त्या माणसाला मी जेवायला वाढलं, पण समोर बसून कधी वाढलं नाही.

बंगल्याचं काम नव्या दुकानाला गेलं. भाईंच्या मालात भेसळ असते, हे शाहूपुरीत आधी कुजबुजीनं आणि मग मोठ्यानं बोललं जाऊ लागलं. साबणातही भेसळ, बिस्किटातही भेसळ. मी दारोदार जाऊन कल्हईचं सांगितलं. बायांना ते लगेच पटायचं. पण माझी पाठ वळली की म्हणायच्या, ही तीच, बाप्यांच्या पंगतीला बसून पिणारी. माझी साक्ष धरणार कोण?

दुकानाला कुलूप लागलं. मिरजेला भाईंच्या चुलतभावाचं दुकान होतं, तिथं नोकर म्हणून जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी ते मागच्या दारी आले. मी म्हटलं, आत या, च्या टाकते. ते आत आले नाहीत. चप्पल पायात तशीच ठेवून उभे राहिले.

"वैनी, एक इचारू? रागवायचं न्हाय."

"इचारा की."

"त्या दिवशी चांदीच्या पेल्यात तुमी घेतलीसा. मी जल्मभर इकली, पर मला काय ठावं न्हाय. खरं सांगा, चांगली व्हती का वो?"

मी म्हटलं, "लई चांगली व्हती, भाई. काकवीगत लागली."

भाईंनी मान हलवली. "मंग बरं झालं," म्हणाले. "मलाबी आताशा वाटाय लागलं व्हतं, कुटं तरी माझंच चुकत आसंल."