उगवतीची पहिली मूठ

"लोखंड आहे का अंगावर?" दारातच हात पसरून सर विचारायचे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या अंधेरीच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्राचे लेक्चरर आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेतला मदतनीस. कबुतरांच्या खोलीत शिरायचं तर किल्ल्या, नाणी, घड्याळ बाहेर. एकदा तपासणीला आलेल्या बाईंना त्यांनी साडीची पिनसुद्धा काढायला लावली. बाई अर्धा तास पदर हातात धरून उभ्या होत्या.

संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण सरांचं दुखणं वेगळं होतं. कबुतराला पृथ्वीचं चुंबकत्व कळतं, त्यावरून ते घराची दिशा ओळखतं, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. म्हणून गोल पिंजराही बिनखिळ्यांचा, लाकडी खुंट्या ठोकून केलेला. सुताराने आईची शपथ घेतली, तरी सरांनी होकायंत्र घेऊन पिंजऱ्याला प्रदक्षिणा घातलीच.

काहीही सांगा, त्यांचा प्रश्न ठरलेला, "पाहिलंस, की वाटलं?" चहा संपला म्हटलं तरी तेच.

कबुतरं घाटकोपरला वाढलेली, म्हणजे कॉलेजच्या पूर्वेला. खिडक्या बंद करून पिंजऱ्यात सोडली, तरी पूर्वेच्या दांडीवर जाऊन बसत. दोन वर्षं बसली. सरांनी लेख लिहिला, परदेशी मासिकाने तो स्वीकारला. प्रोफेसरची जागा त्या लेखावरच मिळणार होती.

मग त्यांनी पिंजऱ्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं. वीज सोडली की होकायंत्राची सुई फिरे. कबुतरांनीही फिरायला हवं होतं. ती ढिम्म, पूर्वेलाच. सरांनी आधी तारेवर संशय घेतला, मग शेजारच्या खोलीतल्या लेक्चररवर. "त्यालाही तीच जागा हवीय. आत शिरत असणार." खोलीला दुसरं कुलूप लागलं, तेही पितळी. दोघांचं बोलणं बंद झालं.

माझ्या मनात मात्र दुसरीच पाल चुकचुकत होती. मी कोकणातला. आमच्याकडे पाखरांना दाणे टाकताना पहिली मूठ उगवतीला, हात जोडून. सरांनी दाणे सगळीकडे पसरायला सांगितलेले. मी पसरायचो, पण पहिली मूठ पूर्वेला टाकूनच. त्याच पिंजऱ्यात, रोज.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर सांगून टाकलं, "सर, ती घराकडे नाही बघत. दाण्याकडे बघतायत."

"पाहिलंस, की वाटलं?"

"पाहिलं. सुट्टीभर पहिली मूठ पश्चिमेला टाकली. आता सगळी पश्चिमेला बसतात."

सर खुर्चीत बसले. लेखाची प्रत पुढ्यात ओढली. मला राहवेना. म्हटलं, "छापून येऊ दे ना सर. कुणाला कळणारे? मी नाही बोलणार." त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या खोलीत जाऊन माफी मागून आले. मग लेख मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. साधी टिपणंसुद्धा कुलपात ठेवणारा हा माणूस, पाकीट उघडंच माझ्या हातात देऊन म्हणाला, "वाच, चिकटव आणि रजिस्टर करून ये."

माझं इंग्रजी बेताचं. मी फक्त माझं नाव शोधत होतो. ते कुठेच नव्हतं. "दाणे कसे टाकले जातात यावर मी लक्ष ठेवलं नाही, चूक माझी," असं सरांनी स्वतःबद्दल लिहिलं होतं. पोस्टाच्या रांगेत तीनदा वाटलं, फाडून टाकावं, म्हणजे जागा तरी वाचेल. नाही फाडलं.

जागा दुसऱ्याला मिळाली. जूनमध्ये सर कॉलेज सोडून गेले, कुठे ते कुणाला कळलं नाही. मला मात्र अजून ती दुपार आठवते. मी पोस्टाची पावती त्यांच्यापुढे धरली, आणि त्यांनी ती न बघताच खिशात टाकली.