एकाच परीक्षेला दोघी

रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या जिल्हा परिषद शाळेत मी सहावी-सातवीला गणित शिकवते. केस पांढरे झाले ते याच नोकरीत. आणि अचानक कळलं, नोकरीत असलेल्यांनीही आता दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हायची, नाहीतर घरी बसायचं. माझी मुलगी डी.एड. होऊन त्याच परीक्षेची तयारी करत होती. तिला नोकरी मिळवायची होती, मला टिकवायची.

तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना. आमटीत मीठ दोनदा पडायचं. एसटीत परीक्षेचं पुस्तक उघडायचे आणि ओळखीचं कोणी चढलं की पिशवीत सरकवायचे.

एका रविवारी मुलीने विचारलं, "आई, अपूर्णांकाच्या भागाकारात दुसरा उलटा करून गुणायचं, ते का गो?"

"का म्हणजे? रीतच आहे ती."

"रीत मलापण येते. मुलांना समजवायचं कसं?"

अर्धा भागिले पाव, उत्तर दोन. पण दोन का, ते सांगता येईना. चीड आली, तिची की माझी, कोण जाणे. मी उठून तव्यावर घावन घालायला गेले. तिने पानातला घावन अर्धा मोडला. "या अर्ध्यात पाव तुकडे किती बसतात, गणितात एवढंच तर विचारलंय."

सोमवारी वर्गात कागदाचा घावन केला. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, भागलं की कमी होतं असं तुम्हीच सांगितलेलंत. मग हे वाढलं कसं?" त्यावरून जी वादावादी जुंपली, ती तास संपला तरी थांबेना. मला आनंद झाला. पण आधीच्या इतक्या मुलांना मी नुसती रीतच दिली होती. ती आता कोण मुंबईत, कोण आखातात.

परीक्षेला दोघींना एकच केंद्र आलं, वर्ग वेगळे. गणित मला सोपं गेलं, पण मानसशास्त्राच्या प्रश्नांत वेळ गेला. उत्तरपत्रिकेतले शेवटचे गोल अंदाजाने काळे केले.

निकाल मुलीने मोबाईलवर पाहिला. ती पास. माझे गुण थोडक्यात कमी पडले. तिने मोबाईल पालथा ठेवला.

"पास झालीस ना? मग तोंड का पाडतेस?"

"मी पास होऊन शिकवू कुठे, भरती कधी निघेल ठाऊक नाही. आणि तू रोज शिकवतेस, तर…"

मी शिरा केला. तो आम्ही दोघींनी गार करून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी शाळेत शिरताना मुख्याध्यापक दारातच भेटले. त्यांनीही परीक्षा दिली होती.

"बाई, काय झालं?"

"राहिले, सर. पुन्हा बसणार. तुमचं?"

त्यांनी हातातला मोबाईल खिशात टाकला. "निकाल मी अजून उघडून बघितलाच नाही."


घंटा झाली. मी खडू घेतला आणि सातवीच्या वर्गात गेले.