पंचेचाळीसवर अडकलेली अमेरिका

राहुरीहून सकाळची एस.टी. धरली तेव्हा माझ्याकडं एक इस्त्रीचा सदरा, बी.ए.ची सनद आणि भरपूर ताठा एवढंच सामान होतं. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला, तेव्हा ताठा असायचाच. निघालो होतो संगमनेरला, नानासाहेबांकडं. ते एका कॉलेजच्या संस्थेवर होते. त्यांनी शिफारसपत्र दिलं तर तिथं शिकवायची नोकरी. न दिलं तर वडिलांच्या मागं उसाला पाणी धरायचं, हे ठरलेलं.

संगमनेरच्या स्टँडवर शेव-रस्सा खाताना सदऱ्यावर तांबडा शिंतोडा उडाला. तो सनदेनं झाकत मी नानासाहेबांच्या दिवाणखान्यात शिरलो.

दर रविवारी तिथं श्रवणमंडळ भरे. वकील, डॉक्टर, दोन प्राध्यापक डोळे मिटून बसले होते. सहा महिन्यांपासून एकाच तबकडीचं रसग्रहण चाललं होतं. नानासाहेबांच्या पुतण्यानं ती अमेरिकेहून आणलेली. तिकडच्या काळ्या वादकांचा एक ताफा, त्यांची सुरुवातीच्या दिवसांतली ही तबकडी. वेष्टनावर आठ दाढीवाले गडी, डोक्यावर टोपलीएवढे केस, पायांत घोळदार विजारी. आणि आवाज? सुगीतल्या चिमण्यांचा.

"हे पुरुषच गातायत का?" मी विचारलं.

"तीच तर गंमत," वकीलसाहेब डोळे न उघडता म्हणाले. "मुद्दाम स्त्रीकंठ लावलाय. शोषिताचा आक्रोश आहे हा."

"आणि वेग बघा," नानासाहेब म्हणाले. "यंत्रयुगाची धाप. तुमच्या घरी कुणी गातं का?"

"आई गाते. जात्यावर."

"तसं नव्हे हो."

तबकडी फिरवणाऱ्या यंत्राच्या वेगाची कळ चिकटपट्टीनं पंचेचाळीसवर, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर, पक्की केलेली दिसली. नातवंडं हात लावतात म्हणून, असं कळलं. घरातल्या बाकी सगळ्या तबकड्या लहान, पंचेचाळीसच्याच. कळ हलवायचं कारणच पडलं नव्हतं.

नानासाहेबांनी शिफारसपत्र लिहून टेबलावर ठेवलेलं होतं. सही तेवढी बाकी. "पुढच्या रविवारी या तबकडीवर लेख वाचा, मग सही. पहिल्या पिढीच्या पदवीधराची जाण कळू दे मंडळाला. तबकडी घेऊन जा. घरी यंत्र असेलच?"

"आहे की," मी ठोकून दिलं.

आमच्या घरी यंत्र म्हणजे कडबा कापायचं. पण राजूरला आक्का दिलेली, आणि तिच्या लग्नात कर्णा लावणारे बाबूभाई तिथलेच. दुसऱ्याच दिवशी अकोलेमार्गे राजूरची गाडी पकडली. कंडक्टरनं मांडीवरची चौकोनी वस्तू पाहिली. "काय हाय? देवाचा फोटू?"

"अमेरिकेचं संगीत."

"मग अर्धं तिकीट लावू का पुरं?" अख्खी गाडी हसली. मी पदवीधरासारखं खिडकीबाहेर पाहिलं.

आक्कानं नागलीची (नाचणीची) भाकरी आणि खुरसणीची (कारळ्याची) चटणी वाढली. "आमेरिका ऱ्हाऊ दे, आधी जेव," म्हणाली. दोन दिवसांनी बाजार भरला. हिरड्याचे (औषधी फळांचे) ढीग लागले होते, आणि एका लग्नाची वर्दी होती म्हणून बाबूभाई कर्णा तपासत बसले होते. गाडीच्या बॅटरीवर त्यांचं यंत्र चाले. त्यांनी तबकडी कडेनं धरली, फुंकर मारली आणि कळ तेहेतीसवर नेली.

"बाबूभाई, पंचेचाळीसवर," मी सुनावलं. "मी संगमनेरला ऐकलीय."

"मास्तर, ही मोठी हाय. मोठी तेहेतीसवरच फिरती. हितं छापलंय बी."

"मी सांगतो ना!"

"तुमी शिकलेले. लावतो."

कर्ण्यातून चिमण्या सुटल्या. बाजार थबकला. हिरडेवाली म्हातारी ओरडली, "अरं, कुनाच्या कोंबड्या दाबल्या रं?"

बाबूभाईंनी मला न विचारता कळ मागं ओढली.

आणि आठ गडी जमिनीवर उतरले. जाड तारांचा बास गिटार भरल्या गाडीच्या बैलासारखा दमदार पावलं टाकू लागला. ढोलवाला समेवर असा घाव घाली की छातीत बसे, आणि पुढची जागा बेशक मोकळी सोडी. त्या मोकळ्या जागेत पितळी वाद्यं टोमणा मारल्यासारखी येऊन जात. गाणाऱ्याचा आवाज जाड, खरबरीत, बेफिकीर. आक्रोश कसला? हा माणूस कुणाची तरी टर उडवत होता, तीही अगदी सावकाश.

"पोटातनं म्हनतोय गडी," म्हातारी म्हणाली. "भ्यालेला न्हाई कुनाला."

सहा महिन्यांच्या रसग्रहणात न निघालेलं वाक्य तिनं हिरडे मोजता मोजता टाकलं. मी वही काढली आणि उभ्यानंच उतरून घेतलं. बाबूभाईंनी एक बाजू संपल्यावर न सांगता दुसरी लावली.

रविवारी मी मंडळात खरं ते सांगितलं. आधी माझी फजिती, मग त्यांची. नानासाहेबांनी चिकटपट्टी नखानं सोलली, कळ तेहेतीसवर नेली. गाणं वाजलं. एकाचाही डोळा मिटला नाही.

"काहीतरी हरवलं," वकीलसाहेब म्हणाले. "तो आक्रोश नाही राहिला."

"धापही गेली," नानासाहेबांनी कळ पुन्हा पंचेचाळीसवर नेली. "मंडळाला ही तबकडी अशीच उमगलीय. तुम्ही लेख वाचा, फक्त तो वेगाचा आणि त्या बाईचा भाग वगळा."

पेनाचं टोपण त्यांनी काढलेलं होतं. पत्र समोर होतं. मी अख्खा लेख वाचला. म्हातारीचं वाक्य तर दोनदा. नानासाहेबांनी टोपण लावलं. मग चहा आला. सगळ्यांना आला, मलाही आला.

राहुरीला परतलो तेव्हा वडील विहिरीवर हातपाय धूत होते.

"दिलं का पत्र?"

"नाही." मी सगळं सांगितलं. त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं.

"उद्यापासून दोन वाफं तुझ्याकडं," ते म्हणाले. पंचा खांद्यावर टाकत म्हणाले, "पन गानं कसं हुतं?"

त्या दिवाणखान्यात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. बी.ए.ला शिकवलेला एकही शब्द उपयोगी पडेना. मी बादली पालथी घातली आणि वाजवून दाखवायला बसलो.