आलिंग सेलाने भरलेले नांगे

फिलिपिन्समधल्या आमच्या लागूना प्रांतातल्या गावात आलिंग सेलाला, म्हणजे सेलामावशीला, रिकामी जागा बघवत नाही. चर्चच्या बाकावर दोघांत वीतभर फट दिसली, तरी ती तिथे कुणाला तरी नेऊन बसवते. भाताच्या लावणीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. रोप मेलेल्या जागी दुसरं लावायचं, नांगे भरायचे, ही तर तिची खासियत.

पण लावणीच उठली. आता भात थेट पेरतात. मी भातसंशोधन केंद्रात पाणी सोडतो आणि सेला तण काढते.

केंद्रातली संशोधक नेनिंग ही सेलाची धर्मकन्या; सेलाला ती निनांग, म्हणजे धर्ममाता, म्हणते. पाण्याखाली पेरलं तरी वर येणारा एक जुना भात आणि खायला मऊ असा नवा भात, यांचा तिने संकर केला. त्याच्या एकेका पोराची एकेक ओळ पेरून वर पाणी ठेवलं. जुन्याचा तो गुण कोणत्या पोरात उतरला, ते उगवणीवरून ठरणार होतं. आणि या हंगामात काही दाखवता आलं नाही, तर तिचं काम बंद होणार होतं.

पाणी उतरवलं आणि मोजणीच्या आधीच नेनिंगला मनिलाला जावं लागलं. परतली तो शेत गच्च भरलेलं! हद्दीला लावलेल्या जांभळ्या पानांच्या भाताची रोपं उपटून सेलाने ओळींतले सगळे नांगे भरले होते. मी कपाळाला हात लावला. चांगलं खडसावणार होतो, पण नेनिंग बांधावर बसून रडायलाच लागली.

"निनांग, अहो, ते नांगेच मला मोजायचे होते!"

सेलाचा चेहरा उतरला. मग ती फणकारली, "मला काय ठाऊक? पोरीचं शेत टकलं दिसायला नको, म्हणून कंबर मोडून घेतली. त्या पपईजवळच्या ओळीने तेवढा माझा अपमान केला. बोट घालायला जागा नाही मेलीत!"

नेनिंगने मान वर केली. "एकही नांगा नव्हता?"

"असता तर मी सोडला असता?"

हे मात्र खरं. तिच्या हातून नांगा सुटल्याचं गावात कुणी दाखवून द्यावं! आम्ही पळत गेलो. इतर ओळींत जागोजागी जांभळं, म्हणजे तिथे तिथे नांगा होता. पपईजवळची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार. नेनिंगने चिखलातच सेलाला मिठी मारली. मलाही भरून आलं, उगाच का लपवू.

जांभळी रोपं सेलानेच उपटली, प्रत्येकाची माफी मागत, आणि परत हद्दीला लावली.

"निनांग, पुढच्या हंगामातही ओळी तुम्हीच बघायच्या," नेनिंग म्हणाली. "फक्त भरायचं नाही. जिथे तुमच्या हाताला काम उरणार नाही, ती ओळ आपली."

"म्हणजे मी काही केलं नाही की तू खूश?"

"हो."

सेलाने हातातला चिखल झटकला. "असली नोकरी माझ्या नवऱ्याला मिळायला हवी होती गं!"