हमीदाच्या घरातला बँकेचा वाटा

आमच्या शेजारची हमीदा मुकादम मूळची रत्नागिरीची. इथे इंग्लंडात वॉटफर्डच्या शाळेत मुलांना जेवण वाढते. व्याज द्यायचं नाही म्हणून तिनं इस्लामी बँकेबरोबर भागीदारीत घर घेतलं. बँकेच्या वाट्याचं भाडं द्यायचं आणि तो वाटा हळूहळू विकत घ्यायचा. नवरा गेल्यावरही तिचा एक हप्ता चुकला नाही.

परवा ती बँकेचं पत्र घेऊन आली. बाजारातले व्याजदर चढले, म्हणून तिचं भाडंही महिन्याला दोनशे पाउंडांनी वाढलं होतं.

आमचे हे म्हणाले, "वहिनी, मग हे व्याजच झालं की!"

"भावजी, हलाल कोंबडीचा भावही बाजारच ठरवतो. म्हणून ती हराम होते का?"

हे हळूच म्हणाले, "साधं व्याजाचं कर्ज, मॉर्गेज, स्वस्त पडेल. घर तरी राहील."

"मॉर्गेज तेव्हाही मिळत होतं. मग बारा वर्षं भाड्याच्या खोल्यांत कशाला काढली आम्ही?"

मी तिचा पगार आणि भाडं दोनदा मांडून पाहिलं. जमेना. तिनं पत्राची घडी घातली आणि विचारलं, "घर विकायला काढायचं तर आधी कुणाला फोन करायचा गं?"

मी इस्टेट एजंटचा नंबर लिहून दिला.