मांडीवरचं शिवणाचं मशीन

बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत माझ्या शेजारी एक बाई बसली होती. हाताने फिरवायचं जुनं शिवणाचं मशीन तिच्या मांडीवर होतं. मोटार आदळली की ती आधी मशीन सावरी, मग पदर.

मागचा म्हातारा हसला. “ए बाय, हे भंगार कुठं नेतीस?”

“भंगार तुमी, आबा. ही चालती. माझ्या बापानं दिलीया. नवरा उद्या दुसरी करतोय. आता हिच्यावरच पोट भरायचं.”

“निघताना चालवून पाहिलीस ना?” मी विचारलं.

“व्हय की. सवतीची लग्नाची चोळी काल हिच्यावरच शिवली.”

मला धक्काच बसला. मी असते तर कापड चुलीत घातलं असतं.

“टीप कच्ची घातली असशील,” मी म्हटलं.

“न्हाय, बाई. पक्की घातली. आन् आत दोन बोटं कापड दुमडून ठिवलंय.”

“ते कशाला?”

“उसवून मोठी करायला. पोरीचं वाढायचं वय हाय. बारावं सरलं न्हाय अजून.”

 मोटार पुन्हा आदळली, तेव्हा मशीन तिच्याआधी मीच सावरलं.